सतरावा नमुना

ताराचंदने पिशवीतून टॉवेल काढून टेबलावर पसरला, तेव्हा रंभाबाईने आधी टॉवेलाकडे पाहिले आणि बऱ्याच वेळाने ताराचंदकडे. हा क्रम तिने ठरवून पाळला, असे म्हणता येणार नाही. ज्या माणसाच्या भंडाऱ्यातील दुकानात तिने अकरा वर्षे भरतकामाचे यंत्र चालवले आणि ज्याने नऊ माणसांदेखत तिची पिशवी फरशीवर उपडी केली, तो माणूस चार वर्षांनंतर शहापुरात तिच्या घराच्या पुढच्या खोलीत उभा होता. तरीही तिची नजर प्रथम कामावर गेली, कारण काम बिघडलेले होते.

टॉवेल हळदी रंगाचा, जाड आणि चांगल्या सुताचा होता. त्याच्या एका टोकाला तांबड्या दोऱ्याने ‘ताराचंद परिवार, भंडारा’ असे भरलेले होते. निदान भरणाऱ्याचा हेतू तसा होता. टॉवेलाचे कापड सदऱ्याच्या कापडासारखे सपाट नसते. त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे बारीक, उभे फासे असतात, आणि त्यांवर थेट सुई चालवली की दोरा त्या फाशांत गवतात पडलेल्या सुतळीसारखा बुडतो. येथे तेच झाले होते. ‘चं’वरचा अनुस्वार नाहीसा झाला होता, ‘परिवार’मधून पिवळे फासे डोकी वर काढत होते, आणि अक्षरांभोवतीचे कापड आवळून त्याला चुण्या पडल्या होत्या.

“डोमानं केलं?” रंभाबाईने विचारले. डोमा म्हणजे तिच्या जागी यंत्रावर बसलेला माणूस.

“त्यानंच.”

“वरून का लावलं होतं?”

“वरून कायले लावते? सुई कापडावरच चालली ना.”

“अन् खालून?”

“पेपर. नेहमीचा.”

“नेहमीचा म्हंजे ब्लाउजचा,” रंभाबाई म्हणाली आणि तिने टॉवेल उलटा करून दाखवला. सुईच्या ताणाखाली कापड सरकू नये म्हणून खालून जो कागदासारखा थर लावतात, तो येथे इतका पातळ होता की अर्ध्या कामातच फाटून गेला असावा. “खालचा फाटला, वर काई नोहोतं. मंग अक्षर थांबन कशावर?”

ताराचंदच्या मागे त्याची बायको कुंताबाई उभी होती. ती पुढे झाली. “टीनाचं लग्न हाय, बाई. सोयरे तुमसरचे, लय नजरेचे. पन्नास घरी टॉवेलाचा आहेर द्याचा हाय, अन् एक पाय धुवाच्या वक्ताचा. असे एक्कावन. तू नाई म्हणू नको.”

“झालं गेलं सोडून दे, रंभाबाई,” ताराचंद म्हणाला. “टॉवेलावर तुह्यासारखं काम या जिल्ह्यात कोणी करत नाई. हे मी चारचौघांत सांगतो.”

“चारचौघांत कायले, सेठ? नऊ जणाइत सांगा.”

ताराचंदने ते ऐकू न आल्यासारखे केले. तो लगेच अटींकडे वळला, कारण अटी घालण्याच्या कामात त्याला नेहमीच मोकळे वाटे. “एक गोष्ट हाय. एकाही टॉवेलाले पाणी लागलं नाई पाहिजे. सोयऱ्याइले द्याचं ते कोरं. अन् पाय धुवाचा तं कोराच पाहिजे. भिजलेलं कापड आमच्या भावकीत लग्नात चालत नाई.”

कोऱ्या कापडाचा हा आग्रह त्या घरापुरता नवा नव्हता आणि खोटाही नव्हता. परंतु तो आग्रह आणि टॉवेलावरचे भरतकाम यांचे मुळातच पटत नाही. टॉवेलावर अक्षरे उठून दिसावीत म्हणून वरून एक पारदर्शक फिल्म अंथरतात. ती फाशांना दाबून धरते आणि दोऱ्याला बसायला सपाट जागा देते. काम झाल्यावर फिल्म ओढून काढतात, आणि अक्षरांच्या पोटात अडकलेले तिचे बारीक कपटे ओल्या बोळ्याने पुसले की विरघळून जातात. शिवाय चांगला कारागीर मोठ्या संख्येच्या कामाआधी एक नग धुऊन पाहतोच. पाणी वर्ज्य म्हणजे या दोन्ही गोष्टी वर्ज्य. रंभाबाईने हे सर्व त्याला सांगितले. मनात काय होते ते वेगळे, पण कामातला धोका गिऱ्हाइकापासून लपवणे तिला माहीत नव्हते.

“अक्षराच्या पोटात फिल्म राहते, सेठ. ते पाण्याबिगर पुरी निघत नाई. अन् एक तरी धुऊन पाहावं लागते.”

“चिमट्यानं काढ. अन् धुऊन कायले पाहाचं? मी हावो ना. मी डोळ्यानं पाहून घेईन.”

या शेवटच्या वाक्यावर रंभाबाईने काम घेतले.

त्यामागचे कारण समजण्यासाठी वहीची हकिगत सांगायला हवी. ताराचंदच्या दुकानात असताना रंभाबाईने एक जाड, पुठ्ठ्याची वही केली होती. कोणत्या टॉवेलाला वरून कोणती फिल्म, एक पदर की दोन; खालून कोणता पेपर, कापून टाकायचा, फाडून काढायचा की पाण्यात विरघळणारा; हे तिला कोणी शिकवले नव्हते, म्हणून तिने ते स्वतः करून पाहिले. प्रत्येक प्रयोगाचा तळहाताएवढा तुकडा वहीत चिकटवलेला, त्याखाली क्रमांक, आणि पुढे पाचव्या, दहाव्या, विसाव्या धुण्यानंतर काय झाले याची नोंद. धुणी तिने घरी, आपल्या मोरीत केली होती. वही तिची, तुकडे टाकाऊ कापडाचे, आणि नोंदी तिच्या हाताच्या. असे त्रेसष्ट नमुने होते.

तिने स्वतःचे यंत्र घेण्याचे ठरवून दुकान सोडण्याचे सांगितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताराचंदने दोऱ्याची रिळे कमी झाल्याची आवई उठवली. गिऱ्हाइके आणि कारागीर मिळून नऊ माणसे दुकानात असताना त्याने तिची पिशवी उपडी केली. पिशवीतून डबा पडला, चष्म्याचे घर पडले आणि वही पडली. रिळे पडली नाहीत. तेव्हा ताराचंदने वही उचलून सर्वांना दाखवली. “हे पाहा. दुकानाचा माल, दुकानाची विद्या. हे घेऊन चालली होती,” असे तो म्हणाला, आणि चोर हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. कोणी काही बोलले नाही. त्या शांततेचा रंभाबाईला चोर या शब्दापेक्षा अधिक राग होता. पण शांततेवर सूड उगवता येत नाही, आणि ताराचंद तर समोर होता.

वही त्याने कपाटात कुलूपबंद ठेवली. ती उघडून वाचली असती, तर डोमाने ब्लाउजचा पेपर टॉवेलाखाली घातला नसता. म्हणजे चार वर्षांत त्याने ती एकदाही वाचली नव्हती, हे बिघडलेल्या टॉवेलावरून सिद्ध होत होते. आणि वाचली नव्हती, तर त्यातला सतरावा नमुनाही त्याने पाहिलेला नव्हता.

सतरावा नमुना म्हणजे मुळात एक चूक होती. एका दुपारी रंभाबाई फिल्म अंथरायला विसरली आणि टॉवेलाच्याच रंगाच्या दोऱ्याने नाव भरून मोकळी झाली. नाव कोठेच दिसेना. फाशांनी ते पूर्ण गिळले होते. तुकडा तिने तरीही रीतसर चिकटवला. नंतर तो धुताना तिला आढळले, की फासे भिजून आडवे झाले आणि सूत पाण्याने गडद झाले, तेव्हा पाणी न पिणारा चकचकीत दोरा खालून लख्ख वर आला. वाळल्यावर नाव पुन्हा नाहीसे झाले. तिने नोंद केली: “फिल्म नाही. कोरडे असता दिसत नाही. ओले असता वाचता येते.”

“तू हे काम घेतलंस काहून, माय?” ताराचंद गेल्यावर राखीने विचारले. राखी ही रंभाबाईची मुलगी. ती भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होती आणि सुटीच्या दिवशी यंत्रावर बसत होती. “तुले चोर म्हणला तो. मी तं तो टॉवेल त्याच्याच गळ्यात गुंडाळून पाठवला असता.”

“मंग तो नागपूरले गेला असता. तिथं का यंत्रं नाईत? सांजपर्यंत विसरलाही असता मले.”

“मंग खालचा पेपर हलकाच लाव. दोन धुण्यांत अक्षरं गोळा होतीन.”

“अन् गोळा झाल्यावर लोक कोणाचं नाव घेतीन? त्याचं का माहं?”

राखीने थोडा विचार केला. “मंग फिल्म तशीच ठेव. जाड, दोन पदरी. पाणी लागलं का डिंकासारखी चिकट होते. नवरदेवाचे पाय टॉवेलालेच चिकटून राहतीन!” आणि त्या कल्पनेने तिला इतके हसू आले, की ती खुर्चीत बसली.

“त्या प्रविण नवरदेवानं का बिघडवलं माहं? त्याचे पाय कायले चिकटवू?” रंभाबाई म्हणाली. “अन् लोक हसतीन ते सांज होईस्तोवर. मले हसाले नाई पाहिजे कोणी. मले वाचाले पाहिजे.”

राखी हसायची थांबली. आईने तिला सतरावा नमुना सांगितला. ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “पण लग्न टीनाचं हाय ना वं.”

रंभाबाईला दुकानातली लहान टीना आठवली. टीना पाच-सहा वर्षांची असताना दुकानातल्या कापडाच्या टेबलाखाली बसून असे. फिल्मचे कपटे गोळा करून ती पाण्याच्या पेल्यात टाकी आणि ते विरघळले की “गायब!” म्हणून ओरडे. नमुने वहीत चिकटवताना डिंकाचे बोट तिचे असे. त्या मुलीच्या लग्नात हे करणे बरे दिसत नाही, हे रंभाबाईला कळत होते. परंतु ताराचंद आणखी कोणत्या दिवशी पन्नास माणसांसमोर गुडघे टेकून बसणार होता, हेही तिला सांगता येत नव्हते. आपल्या बाजूने तिने एवढेच केले, की टीनाचे नाव ज्या टॉवेलावर असेल त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. आणि तसे नाव कोणत्याच टॉवेलावर नव्हते.

पन्नास टॉवेल तिने आयुष्यातील सर्वोत्तम काम म्हणून केले. खालून मध्यम जाडीचा, फाडून काढण्याचा पेपर दोन पदरी, एक उभा आणि एक आडवा. टॉवेल यंत्राच्या चौकटीत न आवळता नुसता वर ठेवून कडेने टाचलेला, म्हणजे फाशांवर चौकटीचा वळ उठत नाही. वरून फिल्मचा एक पदर. तांबडी अक्षरे हाताला लागतील इतकी उठावदार झाली. अक्षरांच्या पोटातील फिल्मचे कपटे राखीने चिमट्याने एकेक करून काढले, तीन दिवस मान मोडून. रंभाबाईने त्या पन्नासांत दुसरे काहीही भरले नाही. एकही टाका कमी नाही आणि एकही टाका अधिक नाही.

एक्कावन्नावा पाय धुण्याचा होता. त्याच्या एका टोकाला इतरांसारखेच तांबडे नाव घातले. दुसरे टोक रिकामे ठेवायचे होते, आणि तेथेच तिने ते काम केले. वर सुईत आणि खाली बॉबिनीत, दोन्हीकडे हळदी दोरा, टॉवेलाशी जुळवून पाहिलेला. वरून काही नाही. जी फिल्म एरवी वर असायची, ती तिने दोन पदरी करून खाली घातली. कारण खाली पेपर घातला असता तर त्याचे तंतू मागच्या बाजूस राहिले असते, आणि फिल्म मात्र सुईच्या भोकांवरून अलगद फाटून येते, आणि जी थोडी आत राहते ती तांब्याभर पाण्यात निघून जाते. अट तिने पाळली. त्या टॉवेलाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

रिकामेच टोक भिजेल, याविषयी तिला शंका नव्हती. पाय पुसणारा माणूस नाव असलेले टोक हातात धरतो आणि साधे टोक खाली सोडतो. आपले नाव कोणी पायाला लावत नाही, ताराचंद तर नाहीच. पुढचे तिला त्या घराच्या रीतीवरून माहीत होते. थोरल्या मुलीच्या, रिताच्या लग्नात तिने ते डोळ्यांनी पाहिले होते: जावयाचे पाय पुसून झाले, की तोच ओला टॉवेल व्याह्याच्या दोन्ही खांद्यांवर घालतात आणि दोन्ही टोके छातीवर सोडतात.

“का लिवलंस?” राखीने विचारले. टोकावर काही दिसत नव्हते.

“‘रंभाची वही परत द्या.’”

“बस? मी तं चोर लिवलं असतं.”

“चोर तो म्हणला होता. मी वही मागून राहिली.”

ताराचंद माल न्यायला आला आणि त्याने खरोखरच डोळ्यांनी पाहून घेतले. प्रत्येक टॉवेलाची घडी उलगडून तो तांबड्या नावावर नजर फिरवी आणि मान डोलावी. एक्कावन्नाव्याचे दुसरे टोक त्याच्या अंगठ्याखाली आले होते. तेथे तो क्षणभर थांबला.

“हे जरा कडक लागून राहिलं.”

“कोरं हाय, सेठ. कोऱ्या कापडाले खळ राहते.”

“राहते,” ताराचंद जाणत्यासारखा म्हणाला आणि त्याने घडी घातली. कुंताबाईने रंभाबाईला आणि राखीला लग्नाला येण्याचा आग्रह केला. रंभाबाईने नकार दिला नाही.

लग्न फाल्गुनातल्या दुपारी, भंडाऱ्याबाहेरच्या एका लॉनवर होते. मंडपात पाय धुण्याची तयारी झाली, तेव्हा मायलेकी मागे, पाण्याच्या पिंपांजवळ उभ्या राहिल्या. पाटावर प्रविण आणि शेजारी टीना बसली होती. समोर पितळी परात होती. ताराचंद गुडघे टेकून बसला. कुंताबाईने तांब्यातून धार धरली, आणि त्याने जावयाचे पाय धुतले. मग त्याने टॉवेल घेतला. नावाचे टोक मुठीत धरले आणि दुसरे टोक पायांवर सोडले. रंभाबाईने राखीचा हात धरला, इतका घट्ट, की राखीने हळूच तो सोडवून घेतला.

पुसताना ताराचंदचे लक्ष भटजींकडे होते. पाय पुसून झाल्यावर तो उठला आणि व्याही गोमाजींच्या खांद्यांवर त्याने टॉवेल घातला. गोमाजी तुमसरकडचे धानाचे शेतकरी, साठीचे, संथ बोलण्याचे. कोणीही दिलेली वस्तू निरखून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव. उजव्या छातीवर तांबडे नाव होते. डावीकडचे ओले टोक त्यांनी बोटांनी उचलले आणि चष्मा सावरला.

गडद झालेल्या हळदी कापडावर चार शब्द कोवळ्या उजेडासारखे पिवळे उमटले होते.

“ताराचंदजी,” गोमाजी म्हणाले, “हे का लिवलं हाय जी? पहिले तं नोहोतं.” आणि कोणी अडवण्याआधीच त्यांनी सावकाश, शब्दागणिक थांबून, मोठ्याने वाचले, “रंभाची… वही… परत… द्या.”

“दुकानाची जाहिरात असन,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि दोघे-तिघे हसले. ज्यांना दिसत नव्हते ते पुढे झाले. ताराचंदने टोक हिसकून दुमडण्याचा प्रयत्न केला. पण व्याह्याच्या अंगावरचा मानाचा टॉवेल ओढून घेता येत नाही, हे त्याच्या हाताला अर्ध्यावर आठवले आणि हात तसाच हवेत राहिला.

तेव्हा टीनाने पाटावरूनच मान वळवली. तिने अक्षरे पाहिली, आणि मग बापाकडे पाहिले.

“बाबा, मावशीची वही अजून तुमच्यापाशी हाय?”

“मंग बोलू, गुड्डी.”

“तुमी तं म्हणत होते, ते दुकानाची वही हाय म्हणून. ते तं मावशीची होती. मी डिंक लावला नोहोता का तिले?”

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही; एखादी विसरलेली गोष्ट आठवून द्यावी तशी बोलली. कुंताबाई रिकामा तांब्या घेऊन खाली पाहत राहिली. गोमाजींनी टोक छातीवर नीट सोडले. “कोणाची वस्तू आपल्या घरी असन तं देऊन टाकावं जी. अशा दिवशी तं पहिले द्यावं,” ते म्हणाले आणि भटजींना पुढचे सुरू करण्याची खूण केली.

ताराचंदने मंडपभर नजर फिरवली आणि पिंपांजवळ ती थांबली. रंभाबाईने नजर हलवली नाही. ती मोजत होती. टॉवेल प्रत्यक्ष वाचलेली माणसे अकरा भरली. दोन अधिक झाली, याचे तिला वाईट वाटले नाही. दोघी न जेवता निघाल्या. ज्याच्याशी वैर आहे त्याचे अन्न खाऊ नये, एवढी रीत तिच्याही घरात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद शहापूरला आला. एकटा आला. त्याने वही टेबलावर ठेवली. “घे,” तो म्हणाला.

रंभाबाईने ती लगेच बाजूला ठेवली नाही. खुर्चीवर बसून, चष्मा लावून, पहिल्या पानापासून त्रेसष्टाव्या नमुन्यापर्यंत एकेक पान उलटले. ताराचंद उभा होता. त्याला तिने बसा म्हटले नाही. सतराव्या नमुन्याच्या पानावर ती थांबली. तुकड्याभोवतीचा कागद फुगून सुरकुतला होता आणि शाई पसरली होती. कोणीतरी त्यावर नुकतेच पाणी ओतले होते.

“वाचलं वाटते, सेठ. चार वर्षांनी.”

ताराचंदने रुमालाने मान पुसली. तो ज्यासाठी आला होता ते अजून बाकी होते, हे त्याच्या उभे राहण्यावरून दिसत होते. “रंभाबाई, बाकीचे पन्नास…”

“का झालं बाकीच्याइले?”

“त्याइवर भी हाय का असं?”

याच क्षणी रंभाबाई खरे सांगू शकत होती, आणि तिने तसे ठरवूनही ठेवले होते. मात्र एका अटीवर. “सेठ, पहिले एक सांगा,” ती म्हणाली. “त्या दिवशी चोर कोण होतं?”

खोलीत राखी होती, दाराशी कापड घेऊन आलेल्या दोन शेजारणी होत्या. ताराचंदने त्या तिघींकडे पाहिले. मग यंत्राकडे पाहिले, वहीकडे पाहिले. “वही देली ना तुले वापस,” तो म्हणाला. “आता अजून का पाहिजे? ते पन्नास सोयऱ्याइच्या घरी गेले हायेत. आंबागड, तुमसर, जवाहरनगर… माह्या तोंडाकडे पाह्य. हाय का नाई, येवढं सांग.”

“त्या दिवशी पिशवीत का हाय म्हणून तुमी मले विचारलं होतं का? नोहोतं विचारलं. उलटी करून पाहिली होती.” तिने वही मिटली. “आताही तसंच करा. भिजवून पाहा.”

ताराचंद गेला. त्याच दिवशी दुपारी तो आंबागडला आपल्या साडूकडे पोहोचला, हे राखीला टीनाच्या मैत्रिणीकडून कळले. साडूचे नाव चंद्रकुमार. त्याने अंगणात खाट टाकून पाहुण्याला बसवले, चहा सांगितला, आणि पाहुण्याने चहाआधी आहेराचा टॉवेल मागितला.

“देलेला आहेर वापस न्याले आलेत का, भाऊ?” चंद्रकुमारने विचारले म्हणे.

“न्याले नाई. जरा पाहाचा हाय.”

मग दिलेला टॉवेल घरातून आणवून, बादलीत बुडवून, दोन्ही हातांनी उजेडात धरून ताराचंदने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. काही नव्हते. त्याने उलटा करून पाहिला, पुन्हा बुडवला. चंद्रकुमारची बायको आणि शेजारची माणसे कुंपणाशी उभी राहून पाहत होती. कोरा म्हणून मानाने दिलेला टॉवेल देणाऱ्यानेच भिजवला, याचे काय म्हणावे ते त्यांना कळेना. ओला टॉवेल खाटेवर टाकून तो चहा न घेताच उठला, आणि तेथून पुढच्या घरी गेला.

पंधरा दिवसांत हे जिल्हाभर झाले. जवाहरनगरच्या क्वार्टरांत त्याच्या मेहुण्याकडे, तुमसरला गोमाजींच्या चुलत भावांकडे, कोठे नळाखाली, कोठे हौदात. एका घरच्यांनी टॉवेल आधीच धुतला होता आणि काही आढळले नाही असे सांगितले. तरी तो तारेवरचा काढून त्याने पुन्हा भिजवला. वहीची गोष्ट त्याच्या आधी त्या घरी पोहोचलेली असे, आणि ज्या घरी पोहोचलेली नसे तेथे त्याला स्वतः सांगावी लागे.

एके संध्याकाळी राखी कॉलेजातून आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, “माय, आज कुंताकाकू बाजारात दिसल्या. लय सुकल्या. म्हणत होत्या, हा माणूस जेवत नाई. सांगून दे ना वं आता. पन्नासाइवर काई नाई, येवढंच तं सांगाचं हाय.”

रंभाबाई एका नव्या टॉवेलावर फिल्म अंथरत होती. तिने कडा टाचल्या, मध्ये हवा राहिली आहे का ते तळहाताने पाहिले.

“मलेही येवढंच तं विचाराचं होतं,” ती म्हणाली. “त्यानं सांगितलं का?”

“नाई.”

“तो ज्या दिवशी सांगन त्या दिवशी मीही सांगीन. इथं येऊन सांगो, का दुकानात सांगो. नऊ जण जमा करो, मी पायी चालत येतो. किती घरं झाले त्याचे?”

“एकवीस, म्हणत होत्या काकू.”

“मंग एकोणतीस राहिले,” रंभाबाई म्हणाली, आणि तिने यंत्राचे बटण दाबले.